दाविदाच्या आधी नाथान: साताऱ्यातल्या मंडळ्यांना खुलं पत्र

सातारा जिल्ह्यातल्या सर्व मंडळ्यांचे पाळक, पंच, उपासना समित्या आणि गायनवृंद यांस,

ख्रिस्तात सलाम.

राखेचा बुधवार तोंडावर आला आहे. म्हणजे आता सातारा, वाई, पाचगणी, कऱ्हाड, सगळीकडे इस्टरआधीच्या उपवासकाळाच्या गाण्यांची यादी ठरेल. व्हॉट्सॲपवर यूट्यूबच्या लिंका फिरतील, कुणी पट्टी विचारेल, कुणी "गेल्या वर्षीचीच घेऊ" म्हणेल, आणि यादी पक्की होईल. ती पक्की व्हायच्या आत हे पत्र तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून घाईनं लिहिते आहे. मी मंडळीत पेटी वाजवते. सेमिनरीची पायरी चढलेली नाही. पण कुठल्या ओळीला मंडळी मनापासून गाते आणि कुठल्या ओळीला नुसते ओठ हलवते, हे पेटीवर मान खाली घालून बसलेल्या माणसालाही कळतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं. क्षमेची जी गाणी आपण गातो त्यांत दोघंच असतात, मी आणि देव. मी पापी, देव दयाळू. मी रडतो, तो डोळे पुसतो, आणि शेवटच्या कडव्यापर्यंत सगळं मिटलेलं असतं. ज्याचं मी वाटोळं केलं तो तिसरा माणूस गाण्यात कुठेच नसतो. बांध कोरून घेतलेली त्याची जमीन नसते, बुडवलेला तिचा पगार नसतो, भावकीत बसून उडवलेली कुणाची अब्रू नसते. पाप केलं, एवढंच गाणं म्हणतं. कुणाचं, काय, कधी, हे विचारत नाही.

हे जुन्या-नव्याचं भांडण नाही. पोरांच्या गिटारवर राग काढायला मी बसलेली नाही. आपलं जुनं गीतपुस्तक उघडून बघा. मिशनच्या काळात इंग्रजीवरून आलेली कितीतरी गीतं त्यात आहेत, आणि त्यांतही बहुतेक ठिकाणी हेच दोघं. (शिवाय इंग्रजी चालीत बसवताना ऱ्हस्वाचं दीर्घ नि दीर्घाचं ऱ्हस्व झालेलं ते वेगळंच. पण ते दुःख पेटीवाल्यांपुरतं.) नव्या गाण्यांनी ही खोड नव्यानं लावलेली नाही, फक्त तिचा आवाज वाढवला.

राखेच्या बुधवारी आपण स्तोत्र ५१ वाचतो. पश्चात्तापाचं याहून थोर गाणं नाही, हे मलाही मान्य. पण त्याच्या माथ्यावर एक ओळ आहे, ती वाचताना आपण सोडून देतो. दावीद राजा बथशेबेपाशी गेल्यानंतर नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला, तेव्हाचं हे स्तोत्र, असं ती ओळ सांगते. ती गाळली की फार मोठी गोष्ट गळते. कारण स्तोत्रात दावीद देवाला म्हणतो, मी तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच पाप केलं. मग बथशेबेचा नवरा उरीया कुठे गेला? बायको हिरावली त्याची, जीव गेला त्याचा. राजानं सेनापती यवाबाला लिहिलेलं पत्र त्यानंच स्वतःच्या हातानं रणात नेलं, आणि त्याला तुंबळ लढाईच्या तोंडी देऊन मागे सरा, असं त्या पत्रात लिहिलेलं होतं. आपल्या मरणाचा हुकूम आपणच पोचवणारा हा शिपाई, आणि स्तोत्रात त्याचं नावही नाही.

नाव नाथानाच्या तोंडी आहे. दुसरं शमुवेल, अध्याय १२. नाथान राजासमोर उभा राहतो आणि गोष्ट सांगतो. एका गावात एक श्रीमंत, एक गरीब. श्रीमंताकडे गुरं-मेंढरं बेसुमार, गरिबाकडे विकत घेतलेली एकच मेंढी. ती त्याच्या घासातला घास खायची, त्याच्या कुशीत निजायची. श्रीमंताकडे पाहुणा आला, त्यानं आपल्या कळपाला हात न लावता ती मेंढी कापली. दावीद भडकतो. चौपट भरून द्यायला लावतो म्हणतो. नाथान म्हणतो, तो माणूस तूच. आणि मग त्या मेलेल्या शिपायाचं नाव घेतो, उरीया हित्ती, तलवारीनं मारलास तू त्याला. इतकं झाल्यावर दाविदाच्या तोंडून कबुली निघते, आणि ती निघताच नाथान क्षमेचं वचनही सांगून टाकतो. क्षमेला उशीर लागला नाही. पण उरीयाचं नाव आधी घेतलं गेलं.

आपण काय करतो? नाथानाला घरी पाठवतो आणि थेट दाविदाला गायला बसवतो.

आता इंग्रजीतलं ते एक गाणं, ज्याची चाल नुसती गुणगुणली तरी लहान पोरं ओळखतात. 'अमेझिंग ग्रेस'. मला ते आवडतं. पेटीवर घ्या, मध्यम आणि निषाद लागतच नाहीत, भूपाचेच पाच स्वर. म्हणून तर आपल्याकडच्या न शिकलेल्या गळ्यालाही ते परकं वाटत नाही. (ही चाल मूळची नव्हे. शब्दांना ती अमेरिकेत १८३५ साली जोडली गेली.) शब्द लिहिणारा जॉन न्यूटन गुलामांच्या व्यापारातला खलाशी होता. १७४८ च्या मार्चमध्ये अटलांटिकवर वादळात जहाज बुडायला आलं, त्यानं देवाचा धावा केला, वाचला, बदलला. इथवरची गोष्ट आपण व्यासपीठावरून शंभरदा ऐकली आहे. पुढची ऐकलीत का? त्या वादळानंतर तो गुलाम वाहणाऱ्या जहाजांचा कप्तान झाला. १७५४ पर्यंत ते काम चाललं, आणि सुटलं ते तब्येतीनं दगा दिला म्हणून. पुढे तो पाळक झाला. १७७३ च्या पहिल्या दिवशी इंग्लंडातल्या ओल्नी गावच्या उपासनेसाठी त्यानं हे गीत बांधलं, १७७९ मध्ये ते छापून आलं. आपल्यासारख्या अधमाला वाचवणाऱ्या कृपेबद्दल त्यात सगळं आहे, पण जहाजाच्या तळाशी साखळदंडात आडवी घातलेली माणसं नाहीत. त्यांच्यासाठी न्यूटननं जाहीर तोंड उघडलं १७८८ मध्ये, गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पत्रिका छापून. त्या पत्रिकेत त्यानंच लिहिलं आहे की ही कबुली कितीही प्रामाणिक असली तरी माझ्या हातून झालेलं नुकसान भरून काढायला तिला उशीर झाला.

वादळापासून त्या कबुलीपर्यंत चाळीस वर्षं गेली. न्यूटनला खोटा ठरवायला हे सांगत नाही, उलट त्या पत्रिकेमुळेच मला तो खरा वाटतो. तो म्हातारपणी, डोळे गेलेले असताना, १८०७ मध्ये वारला. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेनं गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली होती. माझा प्रश्न एवढाच, की आपण त्याचं गाणं घेतलं आणि पत्रिका का सोडली?

यावर तरुण संघातली मुलं मला काय म्हणणार ते ठाऊक आहे, कारण ती म्हणून झाली आहेत. "आंटी, कृपा फुकट आहे. इफिसकरांस पत्रात स्पष्ट लिहिलंय, कर्मानं नाही. तुम्ही अटी घालताय." बरोबर आहे बाळांनो, फुकटच आहे. पण जक्कयाकडे बघा. यरीहोच्या त्या जकातदाराला येशूनं आधी हिशेब मागितला नाही. झाडाखाली उभं राहून म्हणाला, उतर, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. लोक कुरकुरले. कृपा आधीच घरात शिरली होती. मग जक्कय उभा राहिला आणि म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं अन्यायानं घेतलं असेल त्याला चौपट. येशूनं ते मागितलेलं नव्हतं, जक्कयाच्या तोंडून ते आपसूक निघालं. त्या संध्याकाळी यरीहोत कुणाकुणाच्या दारावर थाप पडली असेल, कुणाला बुडालेले पैसे परत मिळाले असतील. त्यांच्या आनंदाचं गाणं आपल्याकडे आहे का एखादं? जक्कय बुटका होता आणि झाडावर चढला, एवढंच आपण शब्बाथशाळेत हातवारे करून शिकवतो.

आता तालमीबद्दल, कारण शब्दांइतकीच खोट सुरावटीतही आहे. शनिवारी संध्याकाळी काय होतं बघा. कीबोर्डवर पॅडचा लांबलचक स्वर लावला जातो. पापाचं कडवं हळू, एकट्या गायकाचं, डोळे मिटून. ते एकच. मग वाजवणारा मुलगा ट्रान्सपोजचं बटण दोनदा दाबतो, पट्टी एका सुरानं वर जाते, ड्रम आत येतात, आणि क्षमा मिळाल्याचं धृपद टाळ्यांवर सुरू होतं ते आठ-आठ वेळा. ऐकायला छान वाटतं, अंगावर काटा येतो, नाही म्हणत नाही. पण पट्टी वर गेली की खाली उतरायची सोय नसते. कबुली मागे पडलेली असते, तिच्याकडे परत वळायला गाण्यात जागाच नाही.

अभंगाची, भजनाची घडण याच्या उलट आहे. प्रत्येक चरण म्हणून झाला की धृपदावर यावं लागतं, आणि पुन्हा चरणावर जावं लागतं. वर जाऊन तिथेच राहता येत नाही. आणि शेवटच्या चरणात रचणारा स्वतःचं नाव घालतो. तुका म्हणे, नामा म्हणे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी हेच उचललं आणि नावाच्या जागी 'दास' घातलं. गाणं संपता संपता म्हणणाऱ्याला सहीच करावी लागते, हे मी बोललो, मी जबाबदार. क्षमेच्या गाण्याला याहून योग्य घडण कुठली?

टिळकांचं नाव काढलं ते उगाच नाही. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला हा कवी, तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं सांगणारा, १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात राहायला आला. इथे त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही त्यात जागा होती. दोन वर्षांतच, मे १९१९ मध्ये, मुंबईत ते गेले, त्यामुळे तो बेत फार वाढला नाही. आपल्या गावातली ही गोष्ट आपल्याच पोरांना माहीत नसते. टिळक कीर्तनही करत. ख्रिस्ती कीर्तन अहमदनगरकडे त्यांच्याही आधीपासून चालत आलेलं. आणि कीर्तनात काय असतं? पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. म्हणजे गोष्ट. नाथानानं दाविदापुढे केलं ते आख्यानच की! राजाला त्यानं पापावर प्रवचन दिलं नाही, एका मेंढीची गोष्ट सांगितली. नाथानाचं काम कसं करायचं हे आपल्याला परदेशातून शिकायला नको. ते टाळ-मृदंगासकट आपल्या घरात पडून आहे.

आता जरा अवघड जागेवर येते. क्षमेचं गाणं कुणाला ऐकवलं जातं, याबद्दल.

एका प्रार्थनासभेत एक बाई आली होती. गाव, मंडळी सांगत नाही. डाव्या हातात बांगड्या भरलेल्या, उजवा हात मोकळा, कारण मनगट सुजून बांगडी चढत नव्हती. सगळ्यांना ठाऊक होतं कशानं सुजलं. प्रार्थनेच्या वेळी पुढे बोलावून तिच्या डोक्यावर हात ठेवले गेले, मागे क्षमेचं गाणं हळू आवाजात चालूच, आणि कानाशी सांगितलं गेलं, "बाई, क्षमा कर, म्हणजे तुला शांती मिळेल." ती रडली. बायकाही रडल्या. साक्ष झाली, हालेलूया झालं, आणि संध्याकाळी तिला नवऱ्याच्या घरी पोचवून आले. नवरा त्या सभेला नव्हता. त्याला कुणी गाणं ऐकवलं नाही, गोष्टही सांगितली नाही. त्याला क्षमा घरपोच मिळाली, न मागता.

याला कृपा म्हणू नका. 'सत्तर वेळा सात क्षमा कर' हे तिला पाठ करून दिलं जातं, पण लूक १७ मध्ये येशू म्हणतो की तुझ्या भावानं अपराध केला तर त्याला दटाव, आणि त्याला पश्चात्ताप झाला तर क्षमा कर. दटावण्याचं वचन त्या नवऱ्याच्या घरी जाऊन कोण म्हणणार? पाळकसाहेब, ते तुमचं काम आहे आणि पंचांचं आहे. तिला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याची माहिती देणं, संरक्षण अधिकाऱ्याकडे तिच्यासोबत जाणं, हीसुद्धा मंडळीची सेवाच आहे. ती एक दिवस मनापासून क्षमा करेलही, पण तो दिवस तिचा. तो पेटीवर किंवा पॅडवर स्वर धरून आणता येत नाही, आणि आणायचा प्रयत्नही कुणी करू नये. मी तरी त्या जागी पेटीचा भाता दाबणार नाही.

आणखी एक, थोडक्यात, कारण सगळ्यांना माहीत आहे. मालमत्तेवरून, कमिटीवरून एकमेकांवर दावे टाकलेले दोन गट एकाच देवळात डाव्या-उजव्या बाकांवर बसून क्षमेचं एकच गीत म्हणतात, आणि आशीर्वाद झाला की दोन दारांनी बाहेर पडतात. वेदीजवळ अर्पण ठेव, आधी जा, भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण कर, असं येशूनं मत्तयात सांगितलं. आपल्याकडे अर्पणाची थैली दोन्ही बाजूंनी फिरते, त्यात खंड पडत नाही.

मग करायचं काय? प्रभुभोजनाच्या रविवारी पापांगीकाराच्या गीताआधी दोन-तीन मिनिटं मंडळीतल्या एखाद्यानं गोष्ट सांगावी. शास्त्रातली चालेल, ऊसतोडीच्या मुकादमाची चालेल, वाटणीत बहिणीची सही घेऊन टाकणाऱ्या भावाची चालेल. समोर बसलेल्या कुणाचं नाव घेऊन उणंदुणं काढायचं नाही. नाथानानंही आधी मेंढीच सांगितली. मग शांतता, वाद्यांशिवाय, पॅडशिवाय. पोरांना ती सुरुवातीला लांबलचक वाटेल, वाटू दे. मग गीत. आणि गीत झाल्यावर, ज्याला वाटेल त्यानं त्या आठवड्यात एका घरी जावं, एवढंच पाळकांनी सांगावं. कोण कुठे गेलं हे पुढच्या रविवारी साक्षीत विचारू नये. नाहीतर त्याचीही स्पर्धा लागते, आपली माणसं मला माहीत आहेत.

गायनवृंदातल्या मुलांनो, तुम्हाला एक काम. ड्रम ठेवा, गिटार ठेवा, हवं तर पॅडही ठेवा. पण या उपवासकाळात एक गाणं तुम्ही स्वतः लिहा, मराठीत, ज्यात तो तिसरा माणूस असेल. ज्याचे पैसे परत आले तो यरीहोचा माणूस गाऊ द्या. किंवा फिलेमोनाच्या दारात पौलाचं पत्र घेऊन उभा असलेला त्याचा गुलाम अनेसिम. त्याचं काही देणं लागत असेल तर ते माझ्या नावावर मांड, असं पौलानं त्यात लिहून दिलं होतं. कृपा आणि हिशेब एका ओळीत बसतात, ते असे. चाल जमली नाही तर शनिवारी सहाला मी असतेच. आणि पट्टी जरा उतरवा, ट्रान्सपोजचं बटण खालीही जातं. तुमच्या तारसप्तकात आमच्या म्हाताऱ्या बायकांचा आवाज पोचत नाही, त्या मग नुसत्या उभ्या राहतात.

शेवटची विनंती पाळकांना. उत्तम शुक्रवारी वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. पहिला उद्गार, बापा, त्यांना क्षमा कर, हा नेहमी बाहेरगावच्या मोठ्या पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला असतो. या वर्षी तो महिला मंडळाकडे द्या. कोण बोलणार ते त्या ठरवतील. आणि काय बोलणार, हे आधी लिहून मागू नका.

आपली,
साताऱ्यातल्या मंडळीतली एक पेटीवाली